मॅनेजरची गव्हाण होऊ नये म्हणून: एका अक्षराने अर्थ बदलणारे इंग्रजी शब्द ओळखायचे कसे

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, बारा वर्षं झाली. अर्ज, बायोडाटा, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, फ्लेक्सचं मॅटर, दिवसभर काय काय येत असतं आणि त्यातलं निम्मं इंग्रजीत. मागच्या आठवड्यात एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, बँकेत द्यायचा अर्ज आहे, फक्त प्रिंट मारा म्हणाला. मी सवयीने वरून नजर टाकली तर पहिल्याच ओळीत 'टू, द ब्रँच मॅनेजर' मधल्या मॅनेजरचा दुसरा ए गायब. म्हटलं अरे हे दुरुस्त कर, तर तो म्हणतो, "काका, लाल रेघ कुठंय? म्हणजे स्पेलिंग बरोबरच असणार." आणि गंमत म्हणजे बरोबरच होतं. एम-ए-एन-जी-ई-आर असा शब्द इंग्रजीत आहे, उच्चार मेंजर, अर्थ गव्हाण. गुरांना वैरण टाकतो ती. नाताळच्या देखाव्यात बाळ येशूला ठेवलेलं असतं ती पण हीच. म्हणजे पोराने रीतसर, सहीनिशी, शाखा गव्हाणीकडे कर्ज मागितलं होतं.

सगळी गोम इथेच आहे. लाल रेघ फक्त डिक्शनरीत नसलेल्या शब्दाखाली येते, चुकीच्या जागी येऊन बसलेला बरोबर शब्द तिला दिसत नाही. कधीमधी निळी रेघ येते पण तिच्या भरवशावर बसू नका, आणि मोबाईलचा कीबोर्ड तर आपण बरोबर लिहिलेलं पण मनाने बदलून ठेवतो. त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागतं. कसं करायचं, कुठली खूण धरायची, ते मला जे बारा वर्षांत जमलं ते सांगतो. स्पेलिंग मी आपण तोंडी सांगतो तशीच लिहिणार आहे, एम-ए-एन अशी, तर वाचताना जरा मोठ्याने म्हणा, शेजारी कोणी हसलं तर हसू दे. नुसतं बघून लक्षात राहत नाही, तोंडाने म्हटलं की राहतं.

आधी एक गोष्ट, इंग्रजीला शिव्या घालू नका. आपल्याकडे पण हा प्रकार आहेच की. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब बिचारा, तरी दर 1 मेला चौकात कुठेतरी 'महाराष्ट्र दीनाच्या हार्दिक शुभेच्छा' लागलेलंच असतं. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पाणि म्हणजे हात, पाणी म्हणजे पाणी. शाळेत सगळ्यांनी केलंय हे. फरक इतकाच की मराठीत घोळ ऱ्हस्व-दीर्घात असतो, एका ठराविक जागी, आणि इंग्रजीत तो शब्दात कुठेही असू शकतो. त्यात आपण कानाने लिहिणारी माणसं. 'सेल' हा शब्द घ्या, टॉर्चमधला सेल, दुकानात लागलेला सेल आणि विकणे या अर्थाचा सेल, आपल्या कानाला तिन्ही एकच, पण इंग्रजीत पहिला सी-ई-डबल एल, दुसरा एस-ए-एल-ई, तिसरा एस-ई-डबल एल. म्हणून तर निम्म्या पाट्यांवर 'फ्लॅट फॉर सेल' मध्ये विकणे वाला सेल असतो. 'फॉर' च्या पुढे नाम येतं, म्हणजे विक्री, म्हणजे एस-ए-एल-ई. 'आय वाँट टू' च्या पुढे क्रियापद येतं, तिथे एस-ई-डबल एल. ही नाम-क्रियापदाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

तर पहिली युक्ती, आणि निम्मं काम ही एकटीच करते: शंका आली की त्या शब्दाचं तिथल्या तिथे मराठी करून बघायचं. पूर्ण वाक्याचं नाही, त्या एका शब्दाचं. पण त्यासाठी जोडीतल्या दोन्ही शब्दांचा अर्थ माहीत पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच असते, बहुतेकांना दुसरा शब्द आहे हेच माहीत नसतं. कस्टमर सी-यू-एस, म्हणजे गिऱ्हाईक. त्यातल्या यू आणि ओ यांनी जागा बदलल्या, सी-ओ-एस-टी-यू झालं, की तो कॉस्च्यूमर, म्हणजे नाटकाच्या कपडेपटाचा माणूस. 'डिअर कॉस्च्यूमर' असं दुकानदार छापून घेतात आणि सगळ्या गावाला कपडेपट सांभाळायला लावतात. कॅज्युअल लीव्ह मधला यू एक घर आधी सरकला, सी-ए-यू-एस-ए-एल झालं, की तो कॉझल, म्हणजे 'कारणासंबंधीचा'. त्यात कॉज हा शब्द सरळ दिसतोय, सी-ए-यू-एस. शिक्षक लोकांच्या रजेच्या अर्जात मी हे इतक्यांदा दुरुस्त केलंय की आता हात आपोआप जातो.

वारस नोंदीच्या अर्जात तर फार जपावं लागतं. मयत माणसासाठी शब्द आहे डिसीस्ड, डी-ई-सी-ई-ए-एस-ई-डी. लोक लिहितात डी-आय-एस-ई-ए-एस-ई-डी, म्हणजे डिझीज्ड, रोगट. 'सदर रोगट इसमाच्या पश्चात पत्नी व दोन मुले', घरचे रडत असतात आणि कागद हे बोलत असतो. खूण सोपी आहे, डिझीज म्हणजे आजार हा शब्द आपल्याला दवाखान्यामुळे पाठ असतो, त्यात सी नाही. सी असेल तर माणूस गेलेला, सी नसेल तर आजारी.

आणि माझी सगळ्यात आवडती जोडी मॅरिटल आणि मार्शल. फॉर्मवर मॅरिटल स्टेटस असतं, लग्न झालंय का नाही. स्पेलिंग एम-ए-आर-आय-टी-ए-एल. त्यातले आय आणि टी यांनी जागा बदलल्या, एम-ए-आर-टी-आय-ए-एल झालं, की मार्शल, म्हणजे लढाईचा, मार्शल आर्ट मधला. मार्शल हा शब्द आलाय मार्स वरून, रोमन लोकांचा युद्धाचा देव, आणि तोच मार्स म्हणजे आपला मंगळ. आता लग्नाच्या रकान्यात मंगळ येऊन बसला तर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. लक्षात ठेवायचं तर मॅरेज शब्दात आर नंतर लगेच आय येतो तसाच मॅरिटल मध्ये येतो. टी आधी आला की पत्रिकेत मंगळ.

दुसरी युक्ती, मराठी खुंटी. जोडीतल्या ज्या एका अक्षराने फरक पडतो ते अक्षर आपल्या ओळखीच्या मराठी शब्दाला अडकवायचं. आणि महत्त्वाचं, दोन्ही शब्द एकदम पाठ करायला जाऊ नका, नेमके तेव्हाच ते एकमेकात अडकतात. एक पक्का करा, उरलेला तो दुसरा.

मेसेज आणि मसाज घ्या. 'आय विल मसाज यू टुमॉरो' असं साहेबाला पाठवून नंतर आठवडाभर नजर चुकवत फिरलेली माणसं मी बघितलीत. मसाज म्हणजे मालिश, मालिश मध्ये 'मा', म्हणून एम-ए. मेसेज मध्ये 'मे', म्हणून एम-ई. झालं, आयुष्यात परत चुकणार नाही.

डेअरी आणि डायरी मध्ये मी स्वतः आपटलोय, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. दुकान नवीन होतं, दूध संकलन केंद्राचा फ्लेक्स आला, दहा बाय चार, उद्घाटनाला पुढारी येणार, मॅटर रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर. मी घाईत टाईप केलं, मालकाने बघून ओके म्हटलं, सकाळी फ्लेक्स वर चढला. नारळ फुटायच्या आधी मालकाची कॉलेजातली मुलगी वर बघून म्हणाली, पप्पा, हे दुधाची डायरी झालंय. डी-आय-ए-आर-वाय. लाल रेघ नव्हती ना. परत छापून दिला, माझ्या पैशाने, आणि उद्घाटनाच्या सगळ्या फोटोत मात्र कायमची डायरीच राहिली. त्या रात्री बसून मी खुंटी शोधली ती अशी: दुधाच्या डेअरीत डी नंतर 'ए, आय' येतं. खेड्यात पोरगं आईला हाक मारतं, "ए आय, दूध दे!" डी-ए-आय. आणि डायरीत आय आधी, आय म्हणजे मी, कारण डायरीत माणूस आधी स्वतःचंच लिहितो. शब्दांचं मूळ पण वेगवेगळं आहे हो, डायरी आली लॅटिन मधल्या दिवस या अर्थाच्या शब्दावरून, रोजनिशी म्हणतो ना आपण, आणि डेअरी आली जुन्या इंग्रजीत कामकरी बाईला जो शब्द होता त्यावरून, पीठ मळणारी, मग दूध-लोणी बघणारी बाई. पण हे कळून फ्लेक्स वाचत नाही, 'ए आय' ने वाचतो.

स्टेशनरी च्या दोन स्पेलिंगांनी पण भल्याभल्यांना घोळात घेतलंय. वह्या-पेन वाली स्टेशनरी ई ने, आर च्या आधी, एस-टी-ए-टी-आय-ओ-एन-ई-आर-वाय. आणि स्थिर, जागचा न हलणारा या अर्थाचा तिथेच ए ने. अचल मधला अ म्हणजे ए, न हलणारा. एन्व्हलप मधला ई म्हणजे दुकानातली. मजा अशी की दोन्हीचं मूळ एकच आहे, पूर्वी युरोपात माल घेऊन फिरणारे विक्रेते असायचे आणि पुस्तकं विकणारा मात्र एका जागी ठिय्या मांडून बसायचा, म्हणून तो स्टेशनर, आणि तो विकतो ती स्टेशनरी. म्हणजे फिरती स्टेशनरी गाडी हा खरंतर उलटा प्रकार झाला.

थॅन आणि थेन: थॅन म्हणजे 'पेक्षा', पेक्षा म्हटलं की अपेक्षा आठवा, अ म्हणजे ए, टी-एच-ए-एन. थेन म्हणजे 'तेव्हा' किंवा 'नंतर', तेव्हा मध्ये ते, म्हणून ई. 'ही इज टॉलर थेन मी' असं लिहिलं की अर्थ होतो तो उंच आहे, तेव्हा मी. तेव्हा मी काय?

बायोडाटात ठरलेली चूक म्हणजे करिअर ऑब्जेक्टिव्ह च्या जागी कॅरिअर. करिअर मध्ये डबल ई, सी-ए-आर-डबल ई-आर. कॅरिअर मध्ये डबल आर, सी-ए-डबल आर-आय-ई-आर, वाहून नेणारा, सायकलच्या मागचं कॅरिअर. सायकलला दोन चाकं म्हणून दोन आर. एका मुलीला मी हे सांगितलं तर म्हणाली सर, मी सगळीकडे हेच स्पेलिंग पाठवलंय, तीस-चाळीस ठिकाणी. काय बोलणार.

आणि कॉलेज, जिथे सगळे शिकलो, त्याचंच स्पेलिंग एल नंतर ए घालून लिहितात, ते होतं कोलाज, फोटो चिकटवून करतात ते चित्र. कॉलेज मध्ये एल-ई-जी, लेग, पाय आहे. पायी जायचं कॉलेजात, विसरायचं नाही. गाड्यांच्या मागच्या काचेवर 'पापाज एंजल' लिहून घेतात तिथेही असंच, एंजल च्या शेवटी जी-ई-एल, म्हणजे जेल, केसाला लावायचं. एल-ई झालं की तो अँगल, फॅब्रिकेशन वाल्याकडचा लोखंडी अँगल. लाडक्या लेकीला बापाने अँगल म्हणावं का.

तिसरी गोष्ट, जोडीदार शोधणे. खुंटी सापडत नसेल तर ज्या शब्दाचं स्पेलिंग आपल्याला झोपेत पण येतं असा, तशाच शेपटाचा शब्द शोधायचा. क्वाएट म्हणजे शांत, त्याची जोडी डाएट, दोन्ही आय-ई-टी. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, त्याची जोडी व्हाइट, आय-टी-ई. ट्रेल म्हणजे पायवाट, ट्रेकला जाणारे म्हणतात तो, त्याची जोडी ट्रेन, दोन्ही टी-आर-ए-आय, दोन्हीवरून पुढं पुढं जायचं. मग कपड्याच्या दुकानातली ट्रायल रूम टी-आर-आय-ए-एल. 'ट्रेल रूम' लिहिलेली दुकानं जिल्ह्याच्या गावात पण आहेत, पॅन्ट घालून बघायला आत जायचं आणि सह्याद्रीत निघायचं. लूज आणि लूझ मध्ये तर नुसता आकडा बघायचा, हरवणे किंवा हरणे या अर्थाचा जो आहे त्यातला एक ओ हरवलाय, एल-ओ-एस-ई. पॅन्ट ढगळ होते तो डबल ओ, ढगळ आहे म्हणून आत जागा जास्त.

आता अफेक्ट-इफेक्ट. याच्यावर लोक सगळ्यात जास्त डोकं खपवतात आणि मला वाटतं आपल्या भागातल्या माणसाला हे सगळ्यात सोपं जायला पाहिजे. कारण आमच्या कचेरीसमोर जो तो कसला ना कसला 'ग्रस्त' असतो. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणात जमीन गेली तो प्रकल्पग्रस्त. प्रकल्पग्रस्ताला इंग्रजीत प्रोजेक्ट अफेक्टेड पर्सन, त्याचंच पॅप करतात, मधला ए अफेक्टेड चा. म्हणजे ग्रस्त करणे, बाधा करणे, फटका बसणे हे क्रियापद ए ने. 'अवकाळीने द्राक्षबागांना फटका बसला', इथे ए-डबल एफ. आणि त्याचा जो परिणाम मागे राहतो, ते नाम, ते ई ने, साइड इफेक्ट सारखं. 'अवकाळीचा परिणाम भावावर दिसला', ई-डबल एफ. सरकारी आदेशात डब्ल्यू-ई-एफ लिहितात, 'या तारखेपासून अमलात', तोही मधला ई इफेक्ट चाच. एवढ्यावर शंभरातली पंच्याण्णव वाक्यं निभावतात. उरलेल्या पाचात एक आडवं गिऱ्हाईक आहे, इफेक्ट हा कधी कधी क्रियापद म्हणून पण येतो, 'घडवून आणणे' या अर्थाने, वकिलांच्या कागदात दिसतो. तो दिसला तर खोडू नका, एवढंच.

इथून नाम-क्रियापदाकडे येऊ. अॅडव्हाइस म्हणजे सल्ला, सी-ई ने संपतो. अॅडव्हाइझ म्हणजे सल्ला देणे, एस-ई ने. हा फरक कानाला ऐकू येतो, पहिल्यात 'स' आणि दुसऱ्यात 'झ', त्यामुळे हा आधी पक्का करा आणि याच्या मागे बाकीचे लावा, कारण बाकीच्यांत ऐकू येत नाही. प्रॅक्टिस नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस. लायसन्स नाम असेल तर सी, परवाना देणे हे क्रियापद असेल तर एस. शेवटी आय-सी-ई, आइस, बर्फ दिसतोय म्हणजे वस्तू, म्हणजे नाम. लायसन्स मध्ये बर्फ नाही पण सी आहे, तेवढ्यावर भागवा. आपल्या मोटार वाहन कायद्यात, 1988 च्या, ड्रायव्हिंग लायसन्स सी ने आहे, कारण आपण ब्रिटिश वळणाचं इंग्रजी लिहितो. अमेरिकेत मात्र वेगळंच, तिथे लायसन्स नाम असो क्रियापद असो एस च, आणि प्रॅक्टिस दोन्हीकडे सी च. त्यामुळे मुलगा अमेरिकेत असेल आणि तो बापाच्या अर्जातली चूक काढत असेल तर दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. फक्त एका कागदात एकच वळण ठेवा. आणि कॉम्प्युटर यूएस इंग्लिशवर सेट असेल तर कलर मधल्या यू ला पण लाल रेघ मारतो, तेव्हा आधी भाषा बदलून घ्या, खाली पट्टीत असते.

भाडेकरार आला की लायसन्स ची परीक्षाच असते. आपल्याकडे अकरा महिन्यांचा जो करार करतात तो लीव्ह अँड लायसन्स. कराराच्या नावातला लायसन्स नाम म्हणून सी, पण घरमालक लायसन्सॉर आणि भाडेकरू लायसन्सी हे क्रियापदावरून झालेले म्हणून दोघांत एस. एकाच कागदावर दोन्ही, आणि दोन्ही बरोबर. लोक मला येऊन सांगतात तुमचं स्पेलिंग सगळीकडे सारखं नाही, मी म्हणतो नसणारच. दुसरं म्हणजे यातला लीव्ह. एल-ई-ए-व्ही-ई. पुष्कळ जण तिथे एल-आय-व्ही-ई घालतात, राहायचं आहे ना घरात, मग लिव्ह. पण तो लीव्ह म्हणजे राहणे नाही, सोडणे नाही आणि रजा पण नाही, तर परवानगी. बाय युवर लीव्ह मधला. मालकाची परवानगी आणि परवाना, असा तो करार.

याच घरातला अजून एक पॅटर्न, शेवटी ई लागली की क्रियापद होतं आणि उच्चार बदलतो. ब्रेथ म्हणजे श्वास, ई लावली की ब्रीद, श्वास घेणे. बाथ म्हणजे आंघोळ, ई लावली की बेद, आंघोळ करणे. 'आय कॅनॉट ब्रेथ' नाही लिहायचं, तिथे ई पाहिजे, दम लागला असला तरी.

काही जोड्या भरभर सांगतो. प्रिन्सिपल ए-एल ने असेल तर तीन अर्थ, मुख्य, कॉलेजचे प्राचार्य आणि कर्जातलं मुद्दल. बँकेच्या हप्त्याच्या तक्त्यात जो रकाना असतो तो हाच. एल-ई ने असेल तर तत्त्व, रूल सारखा, रूल पण एल-ई नेच संपतो. प्राचार्यांकडे मुद्दल असतं, तत्त्व असेलच असं नाही, एवढं डोक्यात ठेवा. वेव्हर मध्ये व्ही च्या आधी आय असेल, डब्ल्यू-ए-आय-व्ही, तर माफी, कर्जमाफी ती. 2017 ला कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज भरताना आम्ही रात्रीचे जागलोय त्यामुळे मला तो आय विसरणं शक्य नाही. आय नसेल तर डगमगणे. बेल बी-ए-आय-एल म्हणजे जामीन, आणि क्रिकेटच्या स्टंपवरच्या बेल्स पण त्याच. बी-ए-एल-ई म्हणजे कापसाची गाठ, आपल्याकडे 170 किलोची धरतात. 'आरोपीला गाठ मंजूर' असं विदर्भात झालं तरी कुणी आनंदाने घेईल म्हणा. ब्रेक ए-के-ई वाला गाडीचा, ई-ए-के वाला मोडण्याचा किंवा मधल्या सुट्टीचा. ट्रकच्या मागे 'एअर ब्रेक' चुकीच्या स्पेलिंगने लिहिलेला असेल तर अंतर जरा जास्तच ठेवा. कोमा एका एम चा, पेशंटचा. कॉमा डबल एम, म्हणजे स्वल्पविराम. वाळवंट एका एस चं, जेवणानंतरचं गोड दोन एस चं, गोड दोनदा वाढतात म्हणून. हॉटेलचा फुकट नाश्ता कॉम्प्लिमेंटरी, एल नंतर आय. ई घातली की पूरक, म्हणजे भूमितीतले कोटिकोन, 90 अंशांची जोडी, त्यात कम्प्लीट मधली ई आहे. कौन्सिल सी-आय-एल परिषद, विधान परिषद वगैरे. एस-ई-एल वाला सल्ला, अॅडमिशनच्या वेळी पालकांना घाम फुटतो ते कौन्सेलिंग या दुसऱ्याचं. पर्सनल खाजगी, आणि डबल एन-ई-एल वाला पर्सोनेल म्हणजे कर्मचारीवर्ग. 'पर्सोनेल लोन' मागू नका, माणसं देतील.

इट्स, युअर, देअर यांच्यात वरचा स्वल्पविराम टाकायचा का नाही याला एकच चाचणी, शब्द ताणून बघा. इट इज किंवा इट हॅज, यू आर, दे आर असं म्हणून वाक्य लागतंय? मग टाका. नाही लागत? मग नका टाकू. 'द बँक अँड इट्स ब्रँचेस' मध्ये इट इज घालून बघा, लागत नाही, म्हणजे नको. त्यात डोकं लावण्यासारखं दुसरं काही नाही.

राहता राहिलं शेवटची तपासणी, प्रिंट द्यायच्या आधीची. वाचून तपासत बसलात तर सापडणार नाही, कारण आपल्या डोळ्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं, कागदावर जे आहे ते नाही. मी वाचत नाही, शोधतो. मॉनिटरच्या कडेला एक यादी चिकटवलीय, त्यात फक्त चुकीचा अर्थ देणारी स्पेलिंगं लिहिलीत, बरोबर वाली नाहीत. कंट्रोल धरून एफ दाबायचं आणि एकेक टाकत जायचं, सापडलं तर थांबून मराठी करून बघायचं, नाही सापडलं तर पुढचं. दोन मिनिटं लागतात. तुमची यादी माझ्यासारखी नसेल, तुमच्या हातून जे नेहमी चुकतं तेच लिहा, दहा पुरे. माझी सध्याची सुरुवात अशी आहे: मेंजर, कॉझल, मार्शल, कॅरिअर, डिझीज्ड, डायरी, कोलाज, ट्रेल, मग फ्रॉम च्या जागी फॉर्म आणि फॉर्म च्या जागी फ्रॉम, ही जोडी टायपिंगच्या वेगात हमखास उलटते आणि दोन्ही बाजूंनी शोधावी लागते. आणि सगळ्यात वर, लाल पेनाने, पब्लिक हा शब्द. त्यातला एल राहिला तर जे उरतं ते पण डिक्शनरीत आहे, अर्थ मी इथे सांगत नाही, पण ग्रामपंचायतीच्या जाहीर सूचनेवर ते एकदा छापता छापता राहिलंय.